रोख ॲपला, उधारी दुकानाला. गावाच्या किराण्याचं गणित कुठं बिघडतंय?

परभणी : जिंतूर, सेलूपासून पालम, सोनपेठपर्यंत फाट्याफाट्यावर दुपारच्या वेळी एक चित्र आता नेहमीचं झालंय. मोटारसायकलला भली मोठी पिशवी बांधलेला पोरगा कानाला फोन लावून उभा असतो आणि गावाकडून कुणीतरी गाडीवर त्याच्याकडं येत असतं. पूर्वी या पिशवीतून मोबाईलचं कव्हर, साडी नाहीतर चप्पल निघायची. आता साबणाचा गठ्ठा, चहापत्ती, कपडे धुण्याची पावडर आणि कधी तेलाचे पुडेही निघायलेत. ॲपवरून किराणा मागवणं ही फक्त पुण्या-मुंबईची गोष्ट राहिलेली नाही.

मोठ्या शहरांतली दहा मिनिटांची डिलिव्हरी खेड्यात नाही. इथं माल कुरिअरनं येतो, दोन दिवसांनी येतो, कधी आठ दिवसांनी येतो. तरी लोक मागवतात, कारण स्क्रीनवर दिसणारा भाव गावच्या दुकानापेक्षा कमी असतो. हात आखडता ठेवून घर चालवणाऱ्याला दहा-वीस रुपयांचा फरकही मोठा असतो.

पण हे खरंच स्वस्त पडतं का? काही वस्तूंत पडतं, काहींत अजिबात पडत नाही. आणि किराण्याचा सगळा हिशेब काही पावतीवर येत नाही. फाट्यापर्यंतचं पेट्रोल पावतीवर नसतं, पाकिटातलं कमी माप पटकन दिसत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावच्या दुकानातली उधारी. रोखीची खरेदी ॲपवर आणि उधारीची खरेदी दुकानात, अशी वाटणी गावोगाव होऊ लागली तर पुढच्या मिरगात वही उघडायला दुकानच राहणार नाही, ही भीती खोटी नाही.

ॲपनं काय दिलं?

आधी फायदा बघू, कारण तो खरा आहे.

पहिला फायदा म्हणजे भाव कळला. पाकिटावर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत असते, तीच द्यावी लागते असं नाही. ही गोष्ट कायद्यात आधीपासून होती, पण गावात एमआरपी म्हणजेच भाव असं चालत आलं. आता शाळकरी पोरगंही मोबाईल काढून सांगतं की हाच साबण तिकडं कमी पैशांत आहे. ॲपवर खरेदी न करणाऱ्यालाही याचा फायदा होतो, कारण दुकानदाराला चार रुपये सोडावे लागतात.

दुसरा फायदा पावतीचा. ॲपवर काय घेतलं, कितीला घेतलं, कधी घेतलं हे मोबाईलमध्ये राहतं. गावच्या दुकानात बऱ्याच घरांचा हिशेब दुकानदाराच्या वहीत असतो आणि तो जे सांगेल ते खरं मानावं लागतं.

तिसरा फायदा बायकांचा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. सॅनिटरी पॅड घ्यायला गावातल्या दुकानात चार माणसं बसलेली असताना जाणं अवघड जातं. तिथं मिळाला तर एकच प्रकार मिळतो. ॲपवरून बंद खोक्यात घरी येतं, कुणाला विचारावं लागत नाही. लहान लेकरांचे डायपर, म्हाताऱ्या माणसाला लागणाऱ्या वस्तू यांचंही तसंच.

चौथा फायदा गाव सोडून गेलेल्यांचा. परभणी जिल्ह्यातली कितीतरी पोरं चाकण, वाळूज, भोसरीच्या कंपन्यांत आहेत. आई-वडील गावाकडं एकटे. पैसे पाठवले तर म्हातारा-म्हातारी स्वतःवर खर्च करत नाहीत, म्हणून पोरं सामानच पाठवतात. फक्त यात एक गोम असते. ओटीपी पोराच्या मोबाईलवर येतो आणि डिलिव्हरीवाला वडिलांसमोर उभा असतो. पोरगा पाळीत काम करत असेल, फोन बाहेर ठेवलेला असेल, तर खोकं आल्या वाटेनं परत जातं.

फाट्यापर्यंतचा हिशेब

आता दुसरी बाजू. एक साधं उदाहरण घेऊ. समजा एका घराची यादी गावच्या दुकानात ८५० रुपयांची होते आणि तीच ॲपवर ७८० ला दिसते. म्हणजे ७० रुपये वाचले. पण ठराविक रकमेच्या खाली खरेदी असली की डिलिव्हरीचे पैसे लागतात. ते ४० धरले, वर हाताळणीच्या नावाखाली आणखी १० धरले, तर ५० रुपये गेले आणि हातात २० राहिले.

मग डिलिव्हरीवाल्याचा फोन येतो, ‘गावात येणं होत नाही, फाट्यावर या.’ फाटा सहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर. लिटरला पन्नास देणारी गाडी असली आणि पेट्रोल शंभराच्या वर असलं तर साधारण २५ रुपयांचं पेट्रोल जळतं. म्हणजे ७० रुपये वाचवायला निघालेला माणूस ५ रुपयांनी खड्ड्यात. त्यात अर्धा दिवस मोडला असेल तर रोजगाराचा हिशेब वेगळाच. रोजगार हमीची राज्यातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये आहे. अर्धा दिवस म्हणजे दीडशे रुपये.

यातून सुटायला बरेच जण दुसरा मार्ग धरतात. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून यादीत आणखी दोन-तीनशेचं सामान टाकतात. चाळीस रुपये वाचवायला तीनशेची बिस्किटं, नूडल्स, सरबताच्या पुड्या येतात. लेकरं दोन दिवसांत फस्त करतात. महिन्याचं बजेट तिथंच हलतं.

लांबून येणाऱ्या मालाची किंमत काय असते हे परभणीकरांना नव्यानं सांगायला नको. २०१८ मध्ये पेट्रोलनं लिटरला नव्वदी ओलांडली तेव्हा परभणीचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. त्याचं एक कारण मनमाडच्या डेपोपासूनचं अंतर हे सांगितलं गेलं. टँकर लांबून येतो, त्याचा खर्च लिटरमागं चढतो. किराण्याचंही तेच. मोठ्या शहरात एका गल्लीत पन्नास ऑर्डरी असतात, तिथं एका डिलिव्हरीचा खर्च थोडा येतो. इथं एका खोक्यासाठी पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळवावी लागते. तो खर्च कंपनी भरते, नाहीतर गिऱ्हाईक भरतं. कंपनीनं हात आखडला की तो गिऱ्हाइकावरच येणार.

पिन कोडचा घोळ वेगळा. ४३१४०१ टाकला की परभणी शहरही त्यात येतं आणि आसपासची खेडीही. ॲप म्हणतं सेवा आहे, पण खोकं शहरातल्या ऑफिसात पडून राहतं आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून परत जातं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ओढे-नाले भरले, रस्ते तुटले. अशा दिवसांत मीठ आणि काडेपेटी गावातल्या दुकानातूनच आणावी लागते.

पाकिटातलं माप

ॲपवर चित्र दिसतं, वजन बारीक अक्षरांत असतं. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा काही वस्तूंची पाकिटं ठराविक मापातच काढण्याची सक्ती होती. ती सक्ती आता उठली आहे. त्यामुळं समोरचा पुडा एक किलोचा किंवा एक लिटरचाच असेल असं गृहीत धरता येत नाही. एक लिटर गोडेतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पुड्यावर ८५० ग्रॅम लिहिलेलं असेल तर तो लिटरच्या पुड्यापेक्षा साठ ग्रॅमनं कमी आहे. दोन्ही पुडे स्क्रीनवर सारखेच दिसतात, स्वस्तवाला पटकन उचलला जातो.

यावर उपाय सोपा आहे. पाकिटावर आता एककाची किंमत, म्हणजे एका ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडले, हे छापावं लागतं. बरीच ॲपंही ती किमतीखाली बारीक अक्षरांत दाखवतात. मोठी किंमत आणि तिच्यावर मारलेली लाल रेघ बघण्यापेक्षा हा आकडा बघावा. ‘५० टक्के सूट’ कशावर, तर छापील किमतीवर. ती छापील किंमत गावात कुणीच घेत नसेल तर सूट कसली?

सुट्या आणि पाकिटबंद मालातला आणखी एक फरक कराचा आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. मोंढ्यातून किंवा आठवडी बाजारातून सुटी घेतलेली डाळ आणि २५ किलोच्या वरचं पोतं यावर तो नाही. म्हणजे ॲपवरची एक-एक किलोची डाळ घेताना शंभराला पाच रुपये कराचेच जातात. भुसार माल सुटा घेणं ही जुनी पद्धत आजही हिशेबाला बरोबर बसते.

तुरीचं उदाहरण तर शेतकऱ्याच्या घरातलंच. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८ हजार रुपये आहे. क्विंटलभर तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. म्हणजे हमीभावानं धरली तरी घरच्या तुरीची डाळ किलोला १०७ ते ११४ रुपयांना पडते, वर भरडाई. चुणी जनावराला मिळते ती वेगळीच. हमीभावाच्या खाली तूर विकून तीच डाळ चकचकीत पाकिटात विकत आणायची, यात दोनदा तोटा आहे. वर्षाला घरात लागणारी तीस-चाळीस किलो डाळ तालुक्याच्या डाळमिलमधून करून घेतली तर ॲपचा भाव बघायची गरजच पडत नाही.

मग ॲपवर काय स्वस्त पडतं? जे हलकं आहे, टिकतं, सांडत नाही आणि सगळीकडं एकाच कंपनीचं असतं ते. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, डोक्याचं तेल, चहापत्ती, पॅड, डायपर. यातल्या साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि डोक्याच्या तेलावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बिस्किटांवरचाही उतरला. म्हणून किमतीची तुलना करताना जुन्या पुड्यावरची छापील किंमत धरू नये. कपडे धुण्याच्या पावडरीवर मात्र १८ टक्केच आहे.

धान्याऐवजी रोख, मग खरेदी कुठं?

परभणी जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना पूर्वी रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं त्याऐवजी बँक खात्यात माणशी महिन्याला १५० रुपये द्यायचं ठरवलं. पुढं ती रक्कम १७० झाली. मराठवाड्यातले आठही जिल्हे यात आहेत.

१७० रुपयांना पाच किलोनं भागलं तर किलोला ३४ रुपये पडतात. पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५० रुपये. हे पैसे वेळेवर आले तरी त्यातून धान्य कुठून आणायचं हा निर्णय आता घराचा झाला. त्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. म्हणजे पूर्वी रेशन दुकानात धान्य म्हणून मिळणारी मदत आता मोबाईलवर पैसे म्हणून दिसते आणि मोबाईलवर आलेला पैसा मोबाईलवरच खर्च होण्याची शक्यता जास्त. त्याच स्क्रीनवर ‘फक्त दहा मिनिटं ऑफर’ असा काटा फिरत असतो.

२०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला जवळपास ४७ टक्के खाण्यापिण्यावर. म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस रुपये पोटासाठीच जातात. असं घर शहरातल्या पगारदारासारखं ‘बघू, आवडलं नाही तर टाकून देऊ’ असं म्हणू शकत नाही. एक फुटलेला तेलाचा पुडा त्याच्या आठवड्याच्या भाजीला बसतो.

उधारीची वही

आता मूळ मुद्दा. गावचं दुकान महाग का असतं? माल थोडा घेतो म्हणून त्याला घाऊक भाव कमी मिळत नाही, हे एक. दुसरं कारण वहीत असतं. मिरगात बी-खताला पैसे गेले की घरात रोख उरत नाही. मूग-उडदाचं थोडं येतं, पण खरी पट्टी सोयाबीनची, ती दसरा-दिवाळीला. कापसाची त्यानंतर. मधल्या चार-पाच महिन्यांत तेल, साखर, पत्ती वहीवर येते. कुठलाही कागद नाही, जामीन नाही.

याची किंमत मोजून बघू. समजा एक घर जून ते ऑक्टोबर अशी पाच महिने, महिन्याला २,५०० रुपयांचा किराणा उधार घेतं. एकूण १२,५०० झाले. दुकानाचा भाव ॲपपेक्षा शेकडा आठनं जास्त धरला, तर या घरानं १,००० रुपये जादा मोजले. हेच पैसे शेकडा तीन रुपये महिना व्याजानं सावकाराकडून लागतील तसे उचलले असते आणि शेवटी फेडले असते, तर व्याज १,१२५ रुपये झालं असतं. म्हणजे दुकानदाराचा महाग भाव हा बराचसा उधारीचाच भाव आहे. तो लुटतो असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

पण याच हिशेबात एक वाटही दिसते. बचत गटातून शेकडा एक रुपयानं, महिन्याला लागतील तसे २,५०० उचलले आणि दिवाळीला फेडले, तर व्याज फक्त ३७५ रुपये होतं. त्या पैशांनी रोख खरेदी केली तर हजार रुपयांची जादा किंमत वाचते. निव्वळ ६२५ रुपये हातात. शेकडा दोन धरलं तरी २५० वाचतात. ही रोख खरेदी ॲपवरच करायला पाहिजे असं नाही. गावच्या दुकानदारालाही विचारता येतं की रोख दिले तर भाव काय लावतोस? रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असतो हे त्याला चांगलं माहीत असतं. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

ॲपवरही ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ असं दिसतं. ती उधारी नाही, ते कर्ज आहे. तारीख चुकली की दंड लागतो आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. पुढं पीक कर्जाला किंवा गाडीच्या कर्जाला तोच डाग आडवा येऊ शकतो. पाऊस लांबला म्हणून कंपनी थांबत नाही. दुकानदार थांबतो, कारण त्याच्या दारावरून रोज जायचं असतं आणि त्याचीही शेती त्याच आभाळाखाली असते.

दुकान बंद पडलं तर कुणाचं अडतं?

गावच्या दुकानाचं भांडवल मोठं नसतं. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला दहा-पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. ते येतात रोख विक्रीतून. साबण, पत्ती, बिस्किटं, तेल यांची रोख विक्री फिरते म्हणून साखर-डाळीची उधारी तो सांभाळतो. आता रोखीचं गिऱ्हाईक ॲपकडं गेलं आणि फक्त वहीवालं राहिलं, तर त्याला दोनच गोष्टी करता येतात. भाव वाढवायचा नाहीतर उधारी बंद करायची.

दोन्हींचा मार बसतो तो ज्याच्याकडं ॲप नाही त्याला. भूमिहीन मजूर, एकटी बाई, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी राहिलेले म्हातारे. पाच रुपयांची पत्ती, दहा रुपयांचं तेल ॲपवर मिळत नाही. त्यांच्यासाठी दुकान हीच रोजची सोय. गावातल्या पंचवीस-तीस घरांचे वाचलेले दोन-दोनशे रुपये शेवटी त्यांच्या ताटातून गेले, असं होऊ शकतं. आणि ज्यांनी वाचवले त्यांनाही जुलैत वहीची गरज पडतेच.

दुकानदारांनीही आता गप्प बसून चालणार नाही. रोखीच्या भावाची पाटी लावणं, व्हॉट्सॲपवर यादी घेणं, उधारीचा हिशेब गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर दर आठवड्याला पाठवणं, यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. चार-पाच गावचे दुकानदार मिळून मोंढ्यातून एकत्र माल उचलतील तर भावातलं अंतरही कमी होईल. मुदत संपलेला पुडा खपवणं आणि वजनात काटा मारणं मात्र आता चालणार नाही. गिऱ्हाइकाच्या हातात दुसरा पर्याय आलाय, हे त्यांनी ओळखलेलं बरं.

माल खराब निघाला तर

मोठी कंपनी म्हणजे चांगलाच माल, हा समजही खरा नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं मुंबईत धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा अन्न परवाना निलंबित केला. तपासणीत काही खाद्यपदार्थांवर बुरशी आढळली होती. त्यामुळं खोकं आलं की आधी तारीख बघावी. मुदत संपायला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस बाकी असलेलाच माल ग्राहकाला द्यावा, असं अन्न सुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयनं २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलेलं आहे.

खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवणं ही सवय लावून घ्यावी. फुटलेला पुडा, कमी निघालेली वस्तू, जुनी तारीख, सगळं त्यात येतं. मग आधी ॲपवर तक्रार नोंदवावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळूरची असो की मुंबईची, ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे परभणीतच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी लागत नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. दोनशे रुपयांच्या तेलासाठी आयोगात कोण जाणार, हे खरं आहे. पण हेल्पलाइनला फोन करायला पैसे लागत नाहीत आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटू शकतात.

आपोआप यादीत घुसलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढलेले पैसे, खोटी घाई, या सगळ्याला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेली आहे. अशा १३ क्लृप्त्यांची यादीच त्यात आहे. माल हातात आल्यावर रोख पैसे देणाऱ्याकडून जादा शुल्क घेण्याच्या तक्रारींवर चौकशी सुरू असल्याचं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. खेड्यात माल बघूनच पैसे देणारी माणसं जास्त, म्हणून हा विषय इथं जास्त लागू पडतो.

रिफंडच्या नावाखाली फोन करून पिन किंवा ओटीपी मागणारे भामटे वेगळेच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

मग करायचं काय?

ॲप बंद करा असं कुणी म्हणत नाही आणि म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. प्रश्न कुठली वस्तू कुठून घ्यायची एवढाच आहे. भुसार माल मोंढ्यातून सुटा किंवा पोत्यानं. डाळ घरच्या तुरीची, हरभऱ्याची. भाजीपाला आठवडी बाजारातून. तेल जिथं माप आणि तारीख हातात घेऊन बघता येईल तिथून. साबण-शाम्पूसारखं हलकं, टिकाऊ सामान ॲपवरून, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा आणि चार घरांनी मिळून.

चार घरांचा हिशेबही साधा आहे. वरच्या उदाहरणात एका घराचे ७० रुपये वाचून शेवटी ५ रुपये तोटा झाला होता. चार घरांनी एकच ऑर्डर दिली तर २८० वाचतात. रक्कम मोठी झाल्यानं डिलिव्हरी आणि हाताळणीचे पैसे लागले नाहीत, तर फाट्यावर एकच फेरी, २५ रुपयांचं पेट्रोल. घरटी साधारण ६४ रुपये हातात राहतात. बचत गटाच्या बायकांना हे काम जमण्यासारखं आहे, यादी करायची आणि हिशेब ठेवायची सवय त्यांना आधीपासून आहे.

आणि महिन्याची काही खरेदी, मग ती पाचशेची का असेना, गावच्या दुकानातून रोख करावी. त्यात उपकार करण्यासारखं काही नाही. ज्या वहीवर पुढच्या मिरगात नाव लिहायचंय, ती वही चालू ठेवायचा तो हप्ता आहे.